उष्णता जाते कुठे?

रात्रभर एकाच टेबलावर पडून राहिलेली स्टीलची पट्टी आणि लाकडी पट्टी सकाळी हातात घेतली, तर स्टील गार लागते आणि लाकूड तितके लागत नाही. तापमान मोजून पाहिले, तर दोन्हींचे सारखेच भरते. खोलीची हवा २५ अंश सेल्सिअस असेल तर तेही २५ अंश. इतके तास एकाच हवेत राहिलेल्या दोन वस्तूंच्या तापमानात फरक उरण्याचे काही कारणच नसते. ‘धातू मुळातच थंड असतो’ हे या प्रश्नाला सर्रास दिले जाणारे उत्तर थर्मामीटरपुढे टिकत नाही. ते उन्हातही टिकत नाही. त्याच दोन पट्ट्या कडक उन्हात ५०-५५ अंशांपर्यंत तापू दिल्या, तर चटका बसतो तो स्टीलचा. लाकूड मात्र हातात धरता येते. मुळात थंड असलेल्या वस्तूने असे वागायला नको होते.

खरा प्रकार असा आहे की, हाताच्या त्वचेचे तापमान साधारणपणे ३२ ते ३४ अंशांच्या आसपास असते आणि उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. त्यामुळे २५ अंशांची कोणतीही वस्तू हातात घेतली की ती हातातून उष्णता घेऊ लागते. लाकूडही घेते आणि स्टीलही घेते. फरक पडतो तो वेगामुळे. स्टेनलेस स्टील लाकडाच्या सुमारे शंभर पट सहजतेने उष्णता वाहून नेते आणि तांबे त्या स्टीलच्याही पंचवीसएक पट. स्टीलमध्ये बोटांखाली आलेली उष्णता लगेच आतल्या भागाकडे सरकते, त्यामुळे बोटांखालची जागा गारच राहते आणि आणखी उष्णता ओढत राहते. लाकडात ती तिथल्या तिथे साचते. पृष्ठभागाचा पातळ थर काही क्षणांतच जवळजवळ त्वचेइतका गरम होतो आणि मग देवाणघेवाण मंदावते. उन्हातल्या पट्ट्यांच्या बाबतीत हाच व्यवहार उलट दिशेने होतो, इतकेच.

केवळ वाहकतेवर मात्र सगळे ठरत नाही. ॲल्युमिनिअम हा उष्णतेचा उत्तम वाहक आहे, तरी त्याचा कागदासारखा पातळ पत्रा चिमटीत धरला तर क्षणभरच गार लागतो. त्याचे वस्तुमान इतके थोडे असते की जराशी उष्णता मिळताच तो बोटांच्या तापमानाला येतो आणि पुढे घेण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे वस्तू किती वेगाने उष्णता घेते आणि एकूण किती घेऊ शकते, या दोन्ही गोष्टी स्पर्शाला जाणवतात.

यावरून आपल्या त्वचेविषयीही एक गोष्ट लक्षात येते. आपण समजतो त्या अर्थाने ती तापमापक नाही. एक हात गार पाण्यात आणि दुसरा गरम पाण्यात मिनिटभर ठेवून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात बुडवले, तर तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते. एकच पाणी दोन हातांना निरनिराळे भासते, हे उदाहरण जॉन लॉक या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकातच आपल्या युक्तिवादासाठी वापरले होते. त्वचेखालच्या चेतातंतूंच्या टोकांवर विशिष्ट प्रथिने असतात. ती स्वतःच्या तापमानाला प्रतिसाद देतात आणि ते तापमान बदलत असेल तेव्हा अधिक जोरकसपणे देतात. यांपैकी एक प्रथिन सुमारे ४३ अंशांच्या वर जागे होते आणि मिरचीतील कॅप्सेसिन या रसायनामुळेही. म्हणून तिखट जिभेला ‘भाजते’. दुसरे एक प्रथिन गारव्याने जागे होते आणि मेंथॉलनेही. मेंथॉल लावलेल्या त्वचेचे तापमान मुळीच उतरलेले नसले तरी गार वाटते, याचे कारण एवढेच. या संशोधनात मोठा वाटा असलेल्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ मध्ये आर्डेम पॅटापुटियन यांच्यासह वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

स्पर्शाचा हा भाग ध्यानात आला की ‘गरम’ कपड्यांचे कोडेही सुटते. लोकरी ब्लँकेटमध्ये स्वतःची उष्णता नसते. लोकरीच्या धाग्यांत अडकलेली हवा हलू शकत नाही, आणि स्थिर हवा ही लाकडापेक्षाही मंद वाहक असल्यामुळे शरीरातून निघालेली उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो. शंका असल्यास बर्फाचे दोन सारखे तुकडे घेऊन एक ब्लँकेटमध्ये गुंडाळावा आणि दुसरा उघडा ठेवावा. उघडा तुकडा आधी वितळतो. बाहेरची उष्णता आत येण्यालाही ब्लँकेट तेवढाच अडथळा करते. या तत्त्वावर एकोणिसाव्या शतकात मोठा व्यापार चालला. फ्रेडरिक ट्यूडर या अमेरिकन व्यापाऱ्याने १८३३ मध्ये बोस्टनहून कोलकात्याला सुमारे १८० टन बर्फ जहाजाने पाठवला. कसलेही यंत्र नसताना, विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांचा प्रवास झाल्यावर त्यातला सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. हवा धरून ठेवणारा भुसा आणि तत्सम वस्तू वापरून बर्फाभोवती वेष्टण करणे, हे या व्यापाराचे मुख्य साधन होते.

बर्फ इतका काळ टिकण्याला आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते रोजच्या निम्म्याअधिक उष्णताविषयक प्रश्नांची किल्ली तिथे आहे. ग्लासगो विद्यापीठातील जोसेफ ब्लॅक यांनी १७६० च्या दशकाच्या सुरुवातीला सारख्याच दोन भांड्यांत सारख्याच वजनाचे बर्फ आणि बर्फाइतकेच गार पाणी घेतले आणि दोन्ही भांडी एका मोठ्या खोलीत ठेवली. पाण्याचे तापमान सुमारे चार अंशांनी चढायला अर्धा तास लागला. बर्फ वितळून त्याच तापमानाला यायला साडेदहा तास लागले. दोन्ही भांड्यांना खोलीतून साधारण सारख्याच गतीने उष्णता मिळत होती. मग दहा तासांची उष्णता गेली कुठे? थर्मामीटर ती दाखवत नव्हता, कारण ती तापमान वाढवण्यासाठी वापरलीच गेली नव्हती. बर्फातील रेणूंची एकमेकांवरची घट्ट पकड सोडवण्यात ती खर्ची पडली होती. तिला आपण अप्रकट उष्मा म्हणतो. असे नसते तर हिवाळा संपून तापमान शून्याच्या वर सरकताच डोंगरांवरचे सगळे हिम एकदम वितळले असते आणि दरवर्षी महापूर आले असते, असा ब्लॅक यांचा मुद्दा होता.

आकड्यांत पाहायचे तर एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला एक कॅलरी उष्णता लागते. शून्य अंशाच्या एक ग्रॅम बर्फाचे शून्य अंशाचेच पाणी व्हायला ८० कॅलरी लागतात. ते पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला आणखी १०० कॅलरी पुरतात. पण १०० अंशांच्या त्या एक ग्रॅम पाण्याची १०० अंशांचीच वाफ करायची, तर ५४० कॅलरी द्याव्या लागतात. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

पंख्याचेच उदाहरण घ्या. पंखा खोली गार करतो, असे आपण सहज बोलून जातो. रिकाम्या बंद खोलीत पंखा चालू ठेवला आणि भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला, तर पारा उतरत नाही. उलट पंखा जेवढी वीज खातो ती अखेर उष्णतेच्याच रूपाने खोलीत राहते आणि हवा किंचित तापते. गार होतो तो पंख्याखाली बसलेला माणूस. त्वचेवरच्या घामाचे बाष्पीभवन व्हायला उष्णता लागते आणि त्वचेच्या तापमानाला ती एका ग्रॅममागे सुमारे ५८० कॅलरी इतकी असते. तिचा बराचसा भाग शरीरातून घेतला जातो. स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर साधारण १०० वॅट दराने उष्णता निर्माण करते. त्या हिशेबाने एक लिटर घाम पूर्णपणे सुकला तर साडेसहा-पावणेसात तासांची उष्णता निघून जाते. मात्र घाम सुकला पाहिजे. अंगावरून निथळून खाली पडलेला घाम शरीराला जवळपास काहीच गारवा देत नाही.

त्वचेला लागून हवेचा एक पातळ थर असतो. तो घामाच्या वाफेने लवकरच दमट होतो आणि पुढचे बाष्पीभवन अडते. पंखा हा थर दूर करून त्याच्या जागी तुलनेने कोरडी हवा आणतो, एवढेच त्याचे काम. म्हणून दमट हवेत पंखा चालू असूनही जीव कासावीस होतो. थर बदलला तरी नव्याने येणारी हवा आधीच बाष्पाने भरलेली असते. हवा त्वचेपेक्षा गरम असेल, तर पंखा एकीकडे घाम सुकवतो आणि दुसरीकडे अंगावर उष्णता आणून टाकतो. अशा वेळी तो उपयोगी की अपायकारक, हे हवा किती कोरडी आहे आणि शरीराला पुरेसा घाम येतो आहे का, यावर ठरते. वृद्ध माणसांना घाम कमी येत असल्याने तीव्र उष्म्यात केवळ पंख्यावर विसंबणे त्यांना धोक्याचे ठरू शकते.

वाफेचा चटका उकळत्या पाण्याच्या चटक्यापेक्षा भयंकर का असतो, याचे उत्तरही त्याच ५४० मध्ये आहे. १०० अंशांचे एक ग्रॅम पाणी त्वचेवर सांडून ३७ अंशांपर्यंत निवले, तर ६३ कॅलरी देते. १०० अंशांची एक ग्रॅम वाफ त्वचेवर आधी पाणी होते आणि तेव्हाच ५४० कॅलरी सोडते. मग वरच्या ६३ वेगळ्या. येथे एक निरीक्षण सांगण्यासारखे आहे. उकळत्या किटलीच्या तोटीतून पांढरा ढग निघताना दिसतो, त्याला आपण वाफ म्हणतो. पण तो असतो पाण्याच्या सूक्ष्म थेंबांचा. नीट पाहिले तर तोटीचे तोंड आणि ढग यांच्यामध्ये एक-दोन सेंटिमीटर जागा पूर्ण मोकळी दिसते. खरी वाफ त्या मोकळ्या जागेत असते, ती डोळ्यांना दिसत नाही, आणि बोट भाजते ते तिथे.

किटलीचा आवाजही ऐकण्यासारखा असतो. तापवायला सुरुवात केल्यावर थोड्या वेळाने भांड्याच्या आतल्या बाजूला बारीक बुडबुडे चिकटलेले दिसतात. ते वाफेचे नसतात; पाण्यात विरघळलेली हवा तापमान वाढल्यामुळे बाहेर पडते, तिचे असतात. पुढे तळाशी वाफेचे बुडबुडे बनू लागतात, पण वरचे पाणी अजून गार असल्याने ते थोडे वर येताच त्यांतील वाफेचे पुन्हा पाणी होते आणि बुडबुडे फटकन मिटतात. असे असंख्य बुडबुडे मिटताना जो सूं-सूं आवाज होतो, तो उकळण्याच्या आधीचा. सगळे पाणी १०० अंशांच्या जवळ पोहोचले की बुडबुडे न मिटता पृष्ठभागापर्यंत येऊन फुटतात. आवाज खाली येतो आणि खळखळ सुरू होते.

पाणी खळखळू लागल्यानंतर आच वाढवल्याने त्यातले अन्न लवकर शिजत नाही. उकळत्या पाण्याचे तापमान तिथेच राहते. जादा उष्णता पाण्याची वाफ करण्यात जाते आणि इंधन वाया जाते. तापमान खरोखरच वाढवायचे असेल तर दाब वाढवावा लागतो. प्रेशर कुकरमध्ये दाब वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट होतो आणि पाणी १२० अंशांच्या सुमारास उकळते. उलट डोंगरावर हवेचा दाब कमी असल्याने दर ३०० मीटर चढाईमागे उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो, आणि एव्हरेस्टच्या माथ्यावर पाणी ७० अंशांच्या आसपासच उकळू लागते. म्हणूनच स्वीडिश खगोलशास्त्रज्ञ अँडर्स सेल्सिअस यांनी १७४२ मध्ये मांडलेल्या मापनश्रेणीत उत्कलनबिंदू हवेच्या ठरावीक दाबाला धरावा लागला. मूळ श्रेणीत, जाता जाता सांगायचे तर, पाणी उकळण्याला शून्य आणि गोठण्याला १०० अंश होते. आजची उलटापालट त्यांच्या मृत्यूनंतर झाली.

आता एक प्रश्न मुले हमखास विचारतात: गरम पेय गरम ठेवायचे आणि थंड पेय थंड, हे थर्मासला कळते कसे? त्याला काही कळावे लागत नाही. तो दोन्ही दिशांची वाट सारखीच अडवतो. जेम्स ड्यूअर या स्कॉटिश शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये हे दुहेरी भिंतीचे भांडे तयार केले ते प्रयोगशाळेसाठी, द्रवरूप केलेले अतिशीत वायू पटकन उडून जाऊ नयेत म्हणून. दोन भिंतींमधली हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे त्या पोकळीतून वहनाने किंवा हवेच्या हालचालीने उष्णता जवळजवळ जाऊच शकत नाही. राहतो तो तिसरा मार्ग, प्रारणाचा, म्हणजे किरणांच्या रूपाने उष्णता जाण्याचा. त्याला निर्वात पोकळी अडवत नाही, सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत अशीच येते. म्हणून काचेच्या भिंतींना आतून चांदीसारखा चकचकीत मुलामा देतात, म्हणजे बरेचसे प्रारण परत फिरते. एवढी तजवीज करूनही चहा काही तासांनी निवतोच, कारण आतली आणि बाहेरची भिंत मानेपाशी एकमेकींना जोडलेली असते आणि तोंडावर बूच असते. उष्णतेची मोठी गळती याच दोन ठिकाणी होते. त्यामुळे रुंद तोंडाचा थर्मास अरुंद तोंडाच्या थर्मासच्या तुलनेत लवकर निवतो, आणि दर घोटागणिक बूच काढले तर भिंती कितीही चांगल्या असल्या तरी फारसा उपयोग होत नाही.