खऱ्या जरीचं सोनं का काळवंडतं?

बनारसी रेशमी ओढणीवरची जर काळी पडली की दुकानदाराने फसवलं, हा पहिला संशय. पण काळवंडण्याची खोड खऱ्या जरीलाही असते. पॉलिएस्टरच्या पापुद्र्यावर ॲल्युमिनियमचा थर दिलेली स्वस्त जर बराच काळ तशीच चकचकत राहते.

खऱ्या जरीचा धागा अखंड धातूचा नसतो. मधे रंगवलेलं रेशीम, त्याभोवती मळसूत्रासारखी गुंडाळलेली चांदीची चपटी पट्टी आणि तिच्यावर सोन्याचा मुलामा. हे काम मुख्यतः सुरतेत चालतं. तांबं मिसळलेल्या चांदीची कांडी एकाहून एक लहान भोकांतून ओढत केसाहून बारीक तार काढतात, मग ती रुळांमध्ये दाबून चपटी करतात. ही पट्टी म्हणजे बादला. तयार धाग्याच्या वजनात सोनं जेमतेम अर्धा टक्का. आतलं रेशीम बहुधा लाल किंवा पिवळं ठेवतात, कारण वेढ्यांच्या फटींतून पांढरं डोकावलं तर सोन्याची झाक उतरते.

अर्धा टक्का सोनं एवढ्या पृष्ठभागावर पसरलं की थर एका मायक्रोमीटरहूनही कितीतरी पातळ होतो आणि त्यात सूक्ष्म छिद्रं राहतात. हवेतला हायड्रोजन सल्फाइड हा गंधकयुक्त वायू तिथून चांदीपर्यंत पोहोचतो. अब्जात काही भाग एवढं प्रमाणही त्याला पुरतं. तयार होणारा सिल्व्हर सल्फाइड आधी पिवळसर, मग तपकिरी, जांभळट-निळा आणि शेवटी काळा दिसतो. थर जाड होत जातो तसा त्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठावरून परतणाऱ्या प्रकाशाचा मेळ बदलतो. पहिली पिवळी छटा सोन्यातच मिसळून जाते, म्हणून सुरुवात कुणाच्या लक्षातच येत नाही.

घरातला गंधक मात्र आपणच जरीशेजारी नेऊन ठेवतो. रबर पक्कं करताना त्यात गंधक घालतात, त्यामुळे घडीला लावलेल्या रबरबँडखाली नेमका काळा पट्टा उमटतो. लोकरीच्या प्रथिनात गंधक भरपूर असतो, रेशमाच्या फायब्रॉइन या प्रथिनात नावापुरता. म्हणून शाल आणि जरीची ओढणी एकावर एक ठेवू नयेत. घामातले क्षार आणि अत्तराचा थेट फवारा यांनीही जर डागाळते.

दुसरं दुखणं घडीचं. रेशीम ताणलं तरी बऱ्याच अंशी मागे येतं, धातूची पट्टी वाकली की वाकलेलीच राहते. एकाच रेषेवर वर्षानुवर्षं घडी पडली की पट्टीची धार शेजारच्या रेशमाला घासते आणि कापड आधी तिथेच विरतं. ओढणी पुठ्ठ्याच्या नळीवर मलमल गुंडाळून तिच्यावर सैल गुंडाळावी. घडीच घालायची तर दर तीन-चार महिन्यांनी जागा बदलावी. बाहेरून धुतलेल्या, बिनखळीच्या मलमलीचं आवरण. प्लास्टिकची पिशवी नको, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात आत दमट हवा कोंडते.

विकत घेताना उलटी बाजू बघावी. फेकवा विणकामात नक्षीचा जादा बाणा (आडवा धागा) या काठापासून त्या काठापर्यंत जातो आणि बुट्ट्यांमधले मोकळे धागे मागून कापतात. छोट्या बुट्टीत ही टोकं कालांतराने निसटतात. कढुआ विणकामात प्रत्येक बुट्टीला धाग्याची वेगळी छोटी कांडी, धागा बुट्टीतच वळतो. वेळ खूप लागतो, किंमतही वाढते. साडीची उलटी बाजू सहसा झाकलेली असते, ओढणीच्या मात्र दोन्ही बाजू दिसतात आणि बांगड्यांत अडकतात. ओढणीसाठी जादा पैसे कढुआलाच द्यावेत.

‘खरवडल्यावर लाल दिसलं की जर खरी’ ही दुकानी कसोटी अर्धवट आहे. तांब्याच्या तारेवर मुलामा दिलेल्या जरीतही लालच दिसतं. दशांतला धागा काढून भिंगाखाली उलगडावा: लाल रंग मऊ तंतूंचा आहे की धातूचा, ते कळतं. तंतू चिमट्यात धरून जाळला तर रेशमाला जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो.

काळी पडलेली जर उजळवायला टूथपेस्ट घासली तर काळेपणाबरोबर उरलंसुरलं सोनंही जातं. ॲल्युमिनियमचा कागद, सोडा आणि गरम पाणी हा चांदीच्या भांड्यांचा उपाय रसायनशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे, सल्फाइडची पुन्हा चांदी होते. पण सोड्यातली अल्कली रेशमाचं प्रथिन तोडते आणि रंगही सुटतो. ड्रायक्लीनिंगने तेलकट डाग जातात, सल्फाइड तसाच राहतो. धुलाईवाल्याशी भांडण्यात अर्थ नाही. इस्त्री उलट्या बाजूने, वर सुती कापड टाकून, कमी तापमानावर करावी. जर पॉलिएस्टरची निघाली तर जास्त उष्णतेने ती आकसते आणि भोवतालचं रेशीम चुण्या धरतं. त्या चुण्या परत इस्त्री करून जात नाहीत.