गवतात कोंडलेली साखर

पुणे जिल्ह्यातल्या दूध उत्पादकांना संकरित नेपियर हे चाऱ्याचं गवत नवं नाही. गोठ्यामागे, पाटाच्या कडेला यशवंत, जयवंत, गजराज अशा नावांनी ते उभं असतं. उरुळी कांचनच्या ‘बायफ’ या संस्थेनेही बीएनएच-10 हा वाण दिला. एकदा ठोंब लावले की काही वर्षं नुसतं कापत राहायचं. आफ्रिकेतून आलेल्या याच हत्ती गवताकडे आता इंधनाचा कच्चा माल म्हणून पाहिलं जातंय.

ते इतकं झपाट्यानं वाढतं, त्याचं कारण पानात आहे. भात-गव्हाच्या पानात कार्बन डायऑक्साइड पकडणारं रुबिस्को हे एन्झाइम ऊन तापलं की बरेचदा ऑक्सिजन पकडतं आणि कमाईतला काही भाग वाया जातो. नेपियर, ऊस, मका, ज्वारी यांच्यात आधी दुसरंच एन्झाइम कार्बन पकडतं. मग शिरांभोवतीच्या पेशींत तो इतका दाट साठतो की रुबिस्कोला ऑक्सिजन क्वचितच सापडतो. म्हणून तेवढ्याच पाण्यात वाढ जास्त.

उसाची साखर रसात असते, नेपियरची बहुतेक पेशींच्या भिंतीत. तिथलं सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक साखळ्या. स्लॅबमधल्या सळयांसारख्या त्या लिग्निन या टणक पदार्थात घट्ट बसलेल्या असतात. इथेनॉल हवं तर आधी आम्ल आणि वाफेनं ही वीण सैल करायची, एन्झाइमांनी साखळ्या तोडायच्या, मग यीस्टकडून आंबवून घ्यायचं. त्यातही भिंतीतल्याच हेमिसेल्युलोज या दुसऱ्या घटकातून सुटणारी झायलोज ही साखर साधं यीस्ट खातच नाही. हे सगळं खर्चिक आहे, पण अशक्य नाही. 2022 मध्ये पानिपतला सुरू झालेल्या इंडियन ऑइलच्या प्रकल्पात भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करण्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या ‘प्राज’ कंपनीचंच आहे.

तरी हिरव्या नेपियरसाठी मला बायोगॅसचा रस्ता जास्त पटतो. त्यात सुमारे 80 टक्के पाणी असतं. ते वाळवत बसण्यापेक्षा कुट्टी करून शेणाबरोबर हवाबंद टाकीत घालावं. जिवाणू त्यातून मिथेन काढतात. लिग्निन त्यांनाही पचत नाही, म्हणून गवत जून होण्याआधीच कापायला हवं. शुद्ध करून दाबाखाली भरलेला हा वायू सीएनजीवर धावणाऱ्या पुण्यातल्या पीएमपीच्या बसलाही चालेल. उरलेली स्लरी शेतात गेली की नत्र, स्फुरद, पालाशही बऱ्याच अंशी मातीत परततात.

प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा आहे. पाण्याचा वापर काटकसरीचा असला, तरी एवढं भरघोस पीक एकूण पाणी खूप पितं. दुष्काळात चारा छावण्या उघडाव्या लागणाऱ्या तालुक्यांत जनावरांच्या तोंडचा चारा टाकीत घालणं मला मान्य नाही. माळरानं नांगरून नेपियर लावणं तर त्याहून वाईट. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यातली चिंकारा हरणं अशाच गवताळ माळांवर जगतात. ‘पडीक’ असा शिक्का मारून ते माळ संपवू नयेत.

त्यापेक्षा शहराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यावर, मुळा-मुठेच्या खालच्या अंगाला आधीपासूनच लागवडीखाली असलेल्या जमिनीत हे गवत घ्यावं. सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद ते भराभर शोषून घेतं, आणि ते थेट कुणाच्या ताटातही जात नाही.