थ्रॉटल साफ केला आणि गाडी धापा टाकायला लागली

थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात हवा जायचं दार, साफ करणं तसं अर्ध्या तासाचं काम. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढायचा, आतली गोल चकती काळीकुट्ट झालेली असते ती क्लीनर मारून फडक्याने पुसायची, परत सगळं होतं तसं जोडायचं. गाडी सिग्नलला अधूनमधून बंद पडायची म्हणून मी तेच केलं, काळंमिट्ट फडकं बघून स्वतःवरच खूष झालो, आणि स्टार्टर मारला तर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाच्या फेऱ्यांचा) काटा १८०० वर, मग धाडकन ९००, परत १८००, घूंऽऽ घूंऽऽ करत चालूच. बॉनेटखाली कुणीतरी बसून धापा टाकतंय असं वाटावं.

पहिला विचार अर्थातच हा की काहीतरी मोडलं. मोडलं काहीच नव्हतं. गाडीला घाणीची सवय झाली होती आणि ती घाण मी न सांगता काढून टाकली होती, एवढाच घोळ.

पेट्रोल इंजिनात आपण पायाने हवा कमीजास्त करतो, पेट्रोल किती सोडायचं ते ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, त्या हवेच्या हिशोबाने ठरवतो, साधारण १४.७ ग्रॅम हवेला १ ग्रॅम. पाय काढला की चकती जवळजवळ बंद होते आणि कडेच्या बारीक फटीतून इंजिन कसाबसा श्वास घेतं. तेव्हा चकतीच्या आतल्या बाजूचा दाब बाहेरच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि इथे एक मजा आहे. आतला दाब बाहेरच्याच्या साधारण ५३ टक्क्यांच्या खाली गेला की फटीतली हवा ध्वनीच्या वेगाला पोचते आणि त्यापुढे इंजिनाने आतून कितीही जोर लावून ओढलं तरी जास्त हवा येत नाही. म्हणजे किती हवा येणार हे फट केवढी यावर ठरतं, इंजिन किती ओढतंय यावर नाही.

आता फटीचा हिशोब करू. चकती ५० मिमी व्यासाची धरली तर परीघ १५७ मिमी. त्यावर ०.०५ मिमी थर बसलाय म्हणा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. १५७ गुणिले ०.०५ म्हणजे जवळपास ८ चौरस मिमी. ऐकायला काहीच नाही, पण छोट्या गाडीला आयडलला, म्हणजे पाय न लावता इंजिन नुसतं चालू राहायला, मुळात भोकच लागतं १० चौरस मिमीच्या आसपास! म्हणजे तो थर एका झटक्यात पुसला की हवा पावणेदोन-दोनपट.

हा थर बसतो तो इंजिनातल्या तेलाच्या वाफांमुळे, त्या ब्रीदर पाइपमधून परत इनटेकमध्येच सोडलेल्या असतात. हळूहळू बसतो, हजारो किलोमीटर लागतात. फट जशी बुजत जाते तसा ईसीयू चकती किंचित जास्त उघडी ठेवायला शिकतो आणि तो आकडा लक्षात ठेवतो (केबलवाल्या जुन्या गाड्यांमध्ये चकतीऐवजी वेगळा आयडल व्हॉल्व्ह असतो, तिथे तो सरकवतो). आपण साफसफाई केली तरी त्याच्या डोक्यात जुनाच आकडा.

मग हवा जास्त होऊन आरपीएम नुसता चढूनच का राहत नाही, वरखाली का होतो? कारण ईसीयूला दिसतं की पाय अॅक्सिलरेटरवर नाही आणि आरपीएम तर चांगलाच वर आहे, म्हणजे गाडी उतारावरून येत असणार, मग पेट्रोल कशाला वाया घालवा, तो इंजेक्टर बंद करतो. आरपीएम पडतो, इंजिन बंद पडायच्या आत तो पेट्रोल परत सोडतो, हवा तर भरपूर आहेच, की परत वर. याला हंटिंग म्हणतात आणि हे दुखणं ईसीयूपेक्षा कितीतरी जुनं आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला वेग आपोआप सांभाळणारा फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसवला, पुढे अशा गव्हर्नरवाल्या यंत्रांतही वेग असाच झुलायचा, आणि यंत्र कधी स्थिर राहतं नि कधी झुलत बसतं याचं गणित मॅक्सवेलने १८६८ मध्ये मांडलं. चूक दुरुस्त करणारा थोडा उशिरा आणि थोडा जास्त जोरात दुरुस्त करत असला की हे होतंच.

आता उपाय, पण त्याआधी पाइप बघा प्लीज. क्लॅम्प सैल राहिला, बारीक व्हॅक्यूम पाइप लावायचा विसरला, गॅस्केट दुमडलं तरी लक्षणं हीच. मास एअर फ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) असलेल्या गाडीत स्कॅनर लावून फ्यूल ट्रिम, म्हणजे ईसीयू हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्तकमी सोडतोय तो आकडा, बघायचा, तो अधिक १५-२० दाखवत असेल तर सेन्सरने न मोजलेली हवा कुठूनतरी घुसतेय. माझा अधिक २ होता, म्हणजे हवा सरळ दारातूनच येत होती. फक्त मॅप सेन्सर (हवेऐवजी इनटेकमधला दाब मोजणारा) असलेल्या गाडीत ट्रिमवरून हे कळत नाही, तिथे कान लावून फुसफुस ऐकायची.

लीक नसेल तर रीलर्न, म्हणजे ईसीयूला तो आकडा नव्याने शिकवायचा. स्कॅनरमध्ये थ्रॉटल अॅडाप्टेशनचा ऑप्शन असेल तर तोच उत्तम. नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर थोडा वेळ काढून ठेवतात, पण काही गाड्यांत तो आकडा बॅटरी काढूनही पुसला जात नाही, आणि निस्सानच्या बऱ्याच मॉडेल्सना तर सेकंद मोजून पेडल दाबायची आरती करावी लागते, तेव्हा आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. एक काम मात्र अजिबात करू नका, चकतीचा स्टॉप स्क्रू फिरवू नका, तो कारखान्यात सेट केलेला असतो आणि एकदा हलला की ईसीयूचा शून्यच सरकतो. आणि इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी ऑन असताना चकतीजवळ बोट नाही न्यायचं, आत मोटर आहे.

मी वायर काढून अर्धा तास थांबलो, परत लावली, एसी बंद, दिवे बंद, पाय लांब, आणि स्टार्ट. काटा १३०० ला गेला, इंजिन तापत गेलं तसा १००० वर आला, रेडिएटरचा पंखा दोनदा फिरून थांबेपर्यंत ७५० च्या आसपास टेकला. मग एसी लावला तेव्हा एकदा दचकली, ६०० पर्यंत गेली, आणि सावरली.