डबा शोधायला निघण्यापूर्वी

जीपीएसच्या मदतीने लपवलेला डबा शोधण्याच्या आमच्या शोधखेळासाठी नाव नोंदवल्याबद्दल मनापासून आभार. नोंदणीच्या वेळी आम्हाला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न असा : “ते युद्धकाळातलं कोडं सुटलं नाही, तर डबा मिळणारच नाही का?” नक्की मिळेल. डब्याचे अक्षांश-रेखांश तुमच्या कार्डावर सरळ छापलेले आहेत. डब्याच्या आत एक छोटी पेटी आहे, तिला चार आकडी कुलूप आहे, आणि कोडे आहे ते फक्त त्या पेटीसाठी. ज्यांना नुसते भटकायचे आहे त्यांनी कोड्याचे पाकीट उघडूही नये.

आकडे भरताना

कार्डावर अंश आणि दशांशातली मिनिटे दिली आहेत. इथेच बहुतेकांची गफलत होते. एका अंशात ६० मिनिटे असतात, म्हणून ३० मिनिटे म्हणजे ०.५ अंश. मोबाइलमध्ये कुणी ०.३० असे भरले, तर अक्षांशात सुमारे २२ किलोमीटरची चूक होते! मिनिटांतला तिसरा दशांश मात्र एकाने चुकला, तर उत्तर-दक्षिण दोन मीटरसुद्धा फरक पडत नाही.

मोकळ्या आकाशाखाली मोबाइलचे जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत अचूक असते. दाट झाडीत आणि उंच भिंतींजवळ ते भरकटते. तेव्हा शेवटच्या दहा मीटरांत मोबाइल खिशात ठेवा आणि डोळ्यांवर भरवसा ठेवा. आपण स्वतः डबा लपवला असता तर कुठे ठेवला असता? या प्रश्नाने जितके डबे सापडतात तितके पडद्यावरच्या बाणाने सापडत नाहीत.

हा खेळ सुरू झाला तोच अचूकता वाढल्यामुळे. अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक मे २००० च्या सुरुवातीला काढून टाकली, आणि ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले.

कोडे : एनिग्माची खोड

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्य एनिग्मा यंत्राने संदेश गुप्त करत असे. पाचांतून निवडलेल्या, अक्षरे बदलणाऱ्या तीन फिरत्या चकत्या, त्यांची मांडणी आणि अक्षरांच्या जोड्या अदलाबदल करणाऱ्या समोरच्या दहा तारा धरल्या, तर यंत्र लावण्याच्या शक्यतांची संख्या २१ आकडी होते. एकेक करून तपासणे अशक्यच. पण यंत्रात एक खोड होती. वीजप्रवाह चकत्यांतून जाऊन दुसऱ्या वाटेने परत येत असे, त्यामुळे कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात कधी बाहेर पडत नसे.

पोलंडच्या मारियान रेयेव्स्की यांनी १९३२ मध्येच हे यंत्र गणिताने उलगडले होते. जुलै १९३९ मध्ये पोलिश मंडळींनी आपले सारे ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हाती दिले, आणि इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्क या गुप्त संदेश उलगडणाऱ्या केंद्राचे काम त्या पायावर उभे राहिले. हे श्रेय अनेकदा विसरले जाते, म्हणून ते इथे आवर्जून सांगतो. ब्लेचलीत मेव्हिस लिव्हर या तरुणीच्या हाती एक इटालियन संदेश आला. त्यात ‘एल’ हे अक्षर एकदाही नव्हते. तिने ओळखले, की यंत्रचालकाने खोटा संदेश पाठवायचा म्हणून ‘एल’चीच कळ पुन्हा पुन्हा दाबली आहे!

आमच्या कागदी चकत्यांमध्ये तीच खोड ठेवली आहे. काने-मात्रे वगळून फक्त व्यंजने घेतली आहेत. संदेशात ‘हवामान’ हा शब्द आहे एवढे तुम्हाला ठाऊक असेल. जर्मन हवामानाचे ठरावीक संदेश ब्लेचलीला असाच आधार देत, म्हणून हा शब्द निवडला. सरावासाठी गुप्त केलेली ही अक्षरे पाहा :

क व त म ह ग न ल

याखाली ‘ह व म न’ एकेक घर सरकवत न्या. पहिल्या घरापासून ठेवले तर व खाली व येतो, म्हणजे बाद. दुसऱ्यापासून म खाली म. चौथ्यापासून न खाली न, पाचव्यापासून ह खाली ह. उरले फक्त तिसरे घर. शब्द तिथेच आहे! आता अक्षरांच्या ज्या चार जोड्या मिळाल्या, त्यांवरून चकत्या कशा लावायच्या ते पाकिटातल्या पानावर आहे. खरा संदेश उलगडला की त्यात चार अंकांची नावे सापडतील.

पेन्सिलच वापरा, खोडावे भरपूर लागते. आठ-नऊ वर्षांची मुलेही मोठ्यांसोबत ही सरकवासरकवी आनंदाने करतात, असा आमचा अनुभव आहे.

डबा हाती आल्यावर

नोंदवहीत नाव आणि तारीख लिहा. आतली एखादी वस्तू घेतलीत, तर तिच्या तोडीची दुसरी ठेवा. खाद्यपदार्थ मात्र अजिबात नकोत, वासाने जनावरे डबा फोडतात. आमचा एकही डबा पुरलेला नाही आणि कुणाच्या खासगी जागेतही नाही, त्यामुळे खणायची किंवा कुंपण ओलांडायची वेळ आली तर समजा, जागा चुकली. पेटीच्या कुलपाचे आकडे फिरवून झाकण घट्ट लावा आणि डबा होता तसाच झाकून ठेवा.

अडलात तर कार्डामागची चिकटपट्टी सोलून काढा. तिच्याखाली सूचना आहेत, आणि तिसरीत पेटीचे आकडेच दिले आहेत.