वाय शुक्राणूची उसनी शेपटी

दिवाळीनंतर आमच्याकडे कापसाची वेचणी जोरात असते. शाळा सुटल्यावर घरी निघाले होते, तेव्हा माझी एक जुनी विद्यार्थिनी शेतातून येताना भेटली. कमरेला वेचणीचं फडकं तसंच बांधलेलं, बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी ओरखडलेली. लग्नाला सात महिने झालेत. रस्त्याच्या कडेला मला थांबवून तिने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. त्यातली बाई सांगत होती, की दिवस राहण्याआधी तीन महिने रोज पहाटे इतक्या उठाबशा आणि पोटाचे अमुक व्यायाम केले, तर मुलगाच होतो.

"मॅडम, हे खरं आहे का जी? माह्या सासूनं दाखवलं. जावेले दोन्ही पोरीच झाल्या, म्हणून मले आतापासूनच लावून राहिले. पहाटे चारले उठून करून राहिली मी."

दिवसभर वाकून कापूस वेचणारी मुलगी पहाटे चारला उठून उठाबशा काढते आहे, हे ऐकून मला गलबलून आलं. रस्त्यावर उभ्या उभ्या "खोटं आहे गं, झोप तू पहाटे" एवढंच सांगू शकले. तेव्हा सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे.

शाळेतलं आधी आठवू. बाईच्या पेशींत दोन एक्स गुणसूत्रं असतात, पुरुषाच्या पेशींत एक एक्स आणि एक वाय. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठात पडणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. नराच्या निम्म्या शुक्राणूंत एक गुणसूत्र इतरांपेक्षा खुजं आहे, हे तिला दिसलं. तेच वाय. अंडपेशीत नेहमी एक्सच असतो. त्या मुलीने हजार उठाबशा काढल्या तरी तिच्या अंडपेशीत वाय येणार नाही, कारण तिच्या अख्ख्या शरीरात एकही वाय नाही. मुलगा की मुलगी हे शुक्राणूने काय आणलं त्यावर ठरतं. हे वाक्य मी वीस वर्षं फळ्यावर लिहिते आहे, तरी गावात मुलगी झाली की बोल सुनेलाच लागतो.

मग नवऱ्याने व्यायाम केला तर? आमच्या रस्त्यावर पोलीस भरतीची पोरं पहाटे धावतात. त्यांच्या धावण्याने वाय शुक्राणू जास्त तयार होतील का, किंवा जास्त जोरात पळतील का? या प्रश्नाचं उत्तर मला फार आवडतं, म्हणून इथे जरा रेंगाळणार आहे.

शुक्राणू एका रात्रीत बनत नाही. मूळ पेशीपासून शेपटीवाला शुक्राणू घडायला सुमारे ६४ दिवस लागतात, आणि पुढच्या नळीत पक्व व्हायला आणखी काही दिवस. या प्रवासाच्या मधोमध अर्धगुणसूत्री विभाजन होतं. एका पेशीतून चार पेशी निघतात, दोघींच्या वाट्याला एक्स, दोघींच्या वाट्याला वाय. हे दोघं एकाच जोडीचे जोडीदार असल्यामुळे एक इकडे गेला की दुसरा तिकडे जाणारच. खळ्यावर वाटणी करताना एक पोतं या भावाला, एक त्या भावाला, तसं. निरोगी पुरुषात दर सेकंदाला हजाराच्या घरात शुक्राणू बनतात आणि एक्स-वाय निम्मे-निम्मेच निघतात. आज जो शुक्राणू बाहेर पडतो, त्याची वाटणी महिनाभर आधीच होऊन गेलेली असते.

आता खरी गंमत. या चार पेशी वेगळ्या झाल्यासारख्या दिसतात, पण पूर्ण तुटत नाहीत. त्यांच्यामध्ये बारीक पूल राहतात, एक-दोन मायक्रोमीटर रुंदीचे. मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि फक्त चारच नव्हे, आधीच्या विभाजनांतल्या बहिणीही अशाच जोडलेल्या असतात, त्यामुळे पेशींची मोठी साखळीच एकमेकींना धरून वाढते. या पुलांवरून सतत देवाणघेवाण चालते. जनुकांवरून निघालेले आरएनएचे निरोप आणि त्या निरोपांवरून बनलेली प्रथिनं एका पेशीतून दुसरीत जातात. संशोधकांनी जिवंत पेशींचं चित्रण करून हा माल पलीकडे जाताना पाहिला आहे. १९८९ साली रॉबर्ट ब्राउन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर प्रयोग केला. एक जनुक फक्त निम्म्या शुक्राणूपेशींत होतं, पण त्याचं प्रथिन सगळ्यांत सापडलं. ज्या उंदरांत टेक्स-१४ नावाचं जनुक बंद पाडून हे पूलच होऊ दिले नाहीत, ते नर वांझ निघाले.

पूल इतके गरजेचे का? एक उदाहरण पाहा. शुक्राणूच्या शेपटीभोवती तंतूंचं एक आवरण असतं, शेपटीला जोरात वळवळता यावं म्हणून ते लागतं. त्या आवरणाचं मुख्य प्रथिन एकेएपी-४. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि ते कामाला लागतं वाटणी झाल्यावर. म्हणजे वाय घेऊन निघालेल्या पेशीकडे हे जनुक नाहीच! पुलापलीकडच्या एक्सवाल्या भावाने प्रथिन पाठवलं नाही, तर वाय शुक्राणूला धड शेपूट हलवता येणार नाही. उंदरांत हे जनुक बंद केलं तर शुक्राणू जागचे हलत नाहीत. मुलगा घडवणारा शुक्राणू एक्सच्या उसन्या शेपटीवर पोहतो. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

एकाच चुलीवर जेवून वाढलेले हे भाऊ. बाहेरून अंगाने, बळाने, चालीने सारखे. शरीराला, व्यायामाला, आहाराला यातला एक्स कोण आणि वाय कोण हे ओळखायला बाहेरून जवळपास काही खूणच नाही. धावण्याने शुक्राणूंची तब्येत सुधारली तर दोघांचीही सुधारेल.

"जवळपास" हा शब्द मी मुद्दाम लिहिला आहे. सगळाच माल पुलावरून सारखा वाटला जात नाही. २०१९ साली जपानमध्ये हिरोशिमाच्या संशोधकांनी दाखवलं, की उंदराच्या एक्स शुक्राणूंवर टीएलआर-७ आणि टीएलआर-८ नावाचे ग्राहक, म्हणजे बाहेरचं रसायन ओळखणारी प्रथिनं, असतात. त्यांची जनुकं एक्सवर आहेत आणि त्यांचं प्रथिन भावाकडे फारसं जात नाही. प्रयोगशाळेतल्या ताटलीत एक खास रसायन घातलं की हे ग्राहक चेतावतात, शुक्राणूमधली ऊर्जा तयार होण्याची क्रिया मंदावते आणि एक्स शुक्राणू मागे पडतात. ताटलीत रसायन घालून असं करता येतं. उठाबशांनी हे रसायन अंगात तयार होत नाही.

वाय हलका असतो म्हणून वेगाने पोहतो, हे आणखी एक जुनं पालुपद. माणसात एक्स शुक्राणूमधला डीएनए वाय शुक्राणूपेक्षा सुमारे २.८ टक्क्यांनी जास्त असतो, हे खरं. पण इतक्या लहान जिवासाठी पाणी म्हणजे गुळाचा घट्ट पाक. शेपटी थांबली की शुक्राणू जागीच थांबतो, एका अणूच्या रुंदीइतकाही पुढे घरंगळत नाही. तिथे वजनाला काही अर्थ उरत नाही, फक्त आकार आणि शेपटीचा जोर मोजला जातो. संगणकाने शुक्राणूंचा वेग मोजला तेव्हा दोघांत फरक सापडला नाही.

तो २.८ टक्क्यांचा फरक एका ठिकाणी मात्र कामाला येतो, आणि ती गोष्ट आमच्या गोठ्यांत पोचली आहे. ढोरांचे डॉक्टर द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीतून, उणे १९६ अंशांच्या थंडीतून, वळूच्या वीर्याची एक बारीक कांडी काढतात आणि सांगतात, "ही वापरली तर बहुतेक कालवडच होईल." त्यासाठी वळूचे शुक्राणू डीएनएला चिकटणाऱ्या रंगात बुडवतात, एकेक करून लेझरसमोरून सोडतात, आणि जास्त चमकणारे एक्सवाले वेगळे काढतात. इतकी महागडी यंत्रणा लावूनही शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात, दहाएक वेळा गोऱ्हा होतोच. व्यायामाने निवड होत असती तर शेतकऱ्याने आधी वळूलाच पळवला असता.

बाईच्या शरीरात पुढे काही निवड होते का? "अमुक दिवशी संबंध आला तर मुलगा" हा दावा १९६०च्या दशकापासून जगभर विकला गेला. १९९५ साली ॲलन विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या रोजच्या लघवीच्या तपासणीवरून अंडपेशी सुटण्याचा दिवस काढला. तो दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतल्या संबंधातूनच गर्भधारणा होते, हे त्यांना दिसलं. मात्र दिवसाचा आणि बाळाच्या लिंगाचा संबंध सापडला नाही. सम तारखेला संबंध आला तर मुलगा, विषमला मुलगी, या आपल्याकडच्या समजाचंही इथेच निपटतं. शुक्राणू बाईच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जगू शकतो. सोमवारचा शुक्राणू गुरुवारी अंडपेशीला गाठतो, मग तारीख कोणती धरायची?

तरीही खेळाडूंच्या घरी मुली जास्त, चांगलं खाणाऱ्या बायकांना मुलगे जास्त, अशा बातम्या येत राहतात. यातली एक नीट पाहू. २००८ साली इंग्लंडमधल्या फियोना मॅथ्यूज यांनी ७४० मातांचा आहार तपासला. गर्भधारणेच्या सुमारास उष्मांकांनुसार मातांचे तीन सारखे हिस्से केले, तर सर्वांत जास्त घेणाऱ्या हिश्श्यात ५६ टक्के मुलगे, सर्वांत कमी घेणाऱ्या हिश्श्यात ४५ टक्के. न्याहारीला कॉर्नफ्लेक्ससारखं सीरियल खाल्लं की मुलगा, अशी बातमी जगभर फिरली. पण एका हिश्श्यात बायका किती? सुमारे २५०. इतक्या जन्मांत निव्वळ योगायोगाने टक्का सहाने वर किंवा सहाने खाली जाऊ शकतो. त्यात पदार्थ तपासले होते १३२. इतकी दारं ठोठावली की एखादं उघडणारच. २००९ साली स्टॅनली यंग आणि सहकाऱ्यांनी तीच आकडेवारी पुन्हा तपासून हा बहुधा योगायोग असल्याचं दाखवलं. आणि चांगलं खाल्ल्याने मुलगा होतो असं धरलं, तर व्यायामाने उष्मांक जाळल्यावर मुलगी व्हायला हवी. दोन्ही दावे एकाच मोबाइलवर सुखाने नांदतात.

निसर्गात मुलग्यांचे जन्म किंचित जास्त असतात, १०० मुलींमागे १०५च्या आसपास. जॉन आर्बथनॉट यांनी १७१० साली लंडनच्या ८२ वर्षांच्या बाप्तिस्मा नोंदी तपासल्या, तर दरवर्षी मुलगेच जास्त निघाले. साथ, भूकंप, मोठा धक्का अशा काळानंतर हे प्रमाण थोडं हलतं. जपानमधल्या १९९५च्या कोबे भूकंपानंतर नऊ महिन्यांनी मुलग्यांचे जन्म घटले होते. पण हे हलणं लाखो जन्मांच्या नोंदीत दिसतं, एका घरात नाही. चार मुलं असलेल्या शंभर घरांत पाच-सहा घरांत चारही मुली असणार, आणि सहा-सात घरांत चारही मुलगे. त्या सुनांनी काय खाल्लं, किती उठाबशा काढल्या, याच्याशी त्याचं काही देणंघेणं नाही. व्हिडिओवाल्या बाईचं तर फावतंच: तिने कुणालाही काहीही सांगितलं तरी निम्म्या घरांत ते "खरं" निघतं, आणि त्याच घरांतून तिची जाहिरात होते.

शिवलिंगीचं बी, मोरपिसाची राख, देवळामागच्या बाबाची पुडी, हे आमच्याकडे अजून चालतं. व्यायाम निदान शरीराला अपाय करत नाही, पुड्या करतात. हरियाणात मुलग्यासाठी दिलेल्या औषधांवर अभ्यास झाले. ती औषधं घेतलेल्या मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण जास्त आढळलं. गर्भलिंगनिदानाला बंदी करणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. देशाच्या १९९४च्या कायद्यात नंतरच्या दुरुस्तीने गर्भधारणेपूर्वीची निवडही आली, आणि तिची जाहिरात करणंही गुन्हा आहे. तरी राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ साली ८९४ उरल्या. निसर्गाने साडेनऊशेच्या आसपास दिल्या असत्या.

आठवड्याने ती मुलगी पुन्हा भेटली, या वेळी पिठाच्या गिरणीवर. "उठाबशा सोडू का मग?" मी म्हटलं, व्यायामाचा उपयोग आहे, पण बैठं काम करणाऱ्या, वजन किंवा साखर वाढलेल्या बाईला. दिवस राहण्याआधीपासून चालणं-फिरणं असेल तर गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका कमी होतो. तू दिवसभर रानात वाकतेस, तुला झोप आणि पोटभर जेवण हवं. राबणं जास्त आणि खाणं कमी झालं तर पाळीच बिघडते. दिवस राहण्याआधीच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू कर, हिमोग्लोबिन तपासून घे, आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी नक्की कर.

विदर्भात हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. सिकलसेलमध्येही तीच वाटणी चालते. आई-बाप दोघंही वाहक असले, स्वतः धडधाकट असले, तरी प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्हीकडून सदोष जनुक मिळण्याची शक्यता चारात एक असते. कोणतं बाळ हे आधी सांगता येत नाही, पण आई-बाप वाहक आहेत का ते बोटाच्या थेंबभर रक्तावरून कळतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती चाचणी होते.

तिने पिठाचा डबा डोक्यावर चढवला, दोन पावलं गेली आणि वळली. "यांनाबी न्यावं लागते का जी?"

"हो, दोघांनीही जा. निम्मं त्याच्याकडूनच येतं."