बागेतली 'मोस्ट' मांजरं इंग्रजीला का खटकतात?

'देअर आर थ्री कॅट्स इन द गार्डन.' बागेत तीन मांजरं आहेत. या इंग्रजी वाक्यात 'थ्री'च्या जागी 'सम', 'मेनी' किंवा 'नो' घाला, वाक्य बिघडत नाही. 'मोस्ट' घातलं की मात्र मोडतं. 'देअर इज एव्हरी कॅट इन द गार्डन' हेही तसंच. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना हे कुणी शिकवलेलं नसतं, तरी कानाला लगेच कळतं.

अशा शब्दांना तर्कशास्त्रात संख्यापक म्हणतात. गॅरी मिलसार्क यांनी 1974 मध्ये एमआयटीतल्या आपल्या प्रबंधात त्यांचे दोन गट पाडले. 'देअर'च्या वाक्यात चालणारे ते दुर्बल, न चालणारे ते सबल. पण ही विभागणी मुळात होते कशामुळे?

बागेच्या फाटकाशी उभं राहून मांजरं मोजायची आहेत असं समजा. 'तीन आहेत' हे सांगायला बागेत डोकावलं की पुरे. 'एकही नाही' हेही तेवढ्यावरच सांगता येतं. पण 'बहुतेक मांजरं बागेत आहेत' असं म्हणायचं तर बागेबाहेर किती उरली, तेही ठाऊक हवं. 'प्रत्येक'चंही तेच, एक जरी मांजर बाहेर भिंतीवर बसलेलं असलं तरी विधान खोटं.

हा फरक वाक्य उलटवून पाहिलं की लख्ख दिसतो. 'तीन विद्यार्थी बुद्धिबळपटू आहेत' आणि 'तीन बुद्धिबळपटू विद्यार्थी आहेत' ही एकाच वेळी खरी किंवा खोटी ठरतात. पण 'बहुतेक कावळे काळे असतात' हे उलटवून 'बहुतेक काळ्या वस्तू कावळे असतात' म्हणा बरं! कोळसा, तवा, आपले केस, सगळे आडवे येतील. एडवर्ड कीनन यांनी 1987 मध्ये या उलटवता येण्याच्या गुणावरच बोट ठेवलं. त्याआधी 1981 मध्ये जॉन बारवाइज आणि रॉबिन कूपर यांनी वेगळं कारण दिलं होतं. 'देअर'चं वाक्य काहीतरी अस्तित्वात आहे असं सांगतं. 'प्रत्येक मांजर अस्तित्वात आहे' हे तर नेहमीच खरं, मग त्यात नवं काय सांगितलं? मला कीनन यांचं म्हणणं जास्त पटतं, कारण ते थेट मोजण्याच्या कृतीला भिडतं.

'फ्यू' या शब्दाची गंमत मला सगळ्यात आवडते. गावात डॉक्टर एकूण तीनच आहेत आणि तिघेही लग्नाला आले. तरी 'देअर वेअर फ्यू डॉक्टर्स अॅट द वेडिंग' हे खरं ठरू शकतं, कारण मांडवात डॉक्टर थोडेच होते. 'फ्यू ऑफ द डॉक्टर्स' आले म्हणाल तर मात्र ते खोटं. 'देअर' आलं की 'फ्यू' फक्त मांडवातली डोकी मोजतो, एकूण किती होते ते विचारत नाही.

नियमाला अपवाद आहेत. 'देअर इज एव्हरी रीझन टू वरी' हे अगदी रुळलेलं इंग्रजी आहे. तिथे 'एव्हरी' कारणं एकेक करून मोजत नाही, काळजी करायला पुरेपूर कारण आहे एवढंच सांगतो.

मराठीत 'देअर'सारखा रिकामा शब्दच नाही. 'बागेत मांजर आहे' आणि 'मांजर बागेत आहे' यांतला फरक आपण शब्दांच्या क्रमाने साधतो. म्हणून 'बागेत सगळी मुलं आहेत' आपल्याला खटकत नाही. तेच इंग्रजीत सांगताना 'देअर' सोडून द्यावं लागतं: 'ऑल द चिल्ड्रन आर इन द गार्डन.'