मेदपेशींचा आकार, मेदाची वाटणी आणि चयापचय

शरीरातील मेद कोणत्या भागात आणि किती मोठ्या पेशींत साठला आहे, यावर रक्तातील साखर व स्निग्ध पदार्थांचे नियमन बऱ्याच अंशी अवलंबून असते. त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोन व्यक्तींपैकी एकीला मधुमेह होतो आणि दुसरीला होत नाही, असे वारंवार आढळते.

गरजेपेक्षा जास्त उष्मांक मिळाले की मेदऊतक दोन प्रकारे वाढते: असलेल्या पेशी फुगतात किंवा नव्या पेशी तयार होतात. पेशीचा व्यास दुप्पट झाल्यास तिचे आकारमान आठपट होते. प्रौढ वयात पेशींची एकूण संख्या फारशी बदलत नाही. दरवर्षी सुमारे १० टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्याने तयार होतात, हे अणुचाचण्यांमुळे वातावरणात मिसळलेल्या किरणोत्सारी कार्बनचा माग काढून २००८ साली दाखवण्यात आले. फुगलेल्या पेशीवर इन्सुलिनचा अंमल कमी होतो, तिच्यातून मेदाम्ले (मेदाच्या विघटनातून निघणारे घटक) अधिक प्रमाणात रक्तात सुटतात, ॲडिपोनेक्टिन हे उपकारक संप्रेरक कमी स्रवते आणि ऊतकात भक्षक पेशी गोळा होऊन सौम्य पण चिवट दाह सुरू होतो.

सोलापूर जिल्ह्यातील ज्वारीचे पेव भरले की उरलेले धान्य घरात मिळेल त्या कोपऱ्यात रचावे लागते. त्वचेखालचा साठा भरल्यावर मेदाचेही तसेच होते. तो यकृतात, स्नायूंत आणि आतड्यांपुढे पडद्यासारख्या लोंबणाऱ्या वपेत साठू लागतो. वपेतील रक्त थेट यकृताकडे जात असल्याने पोटातील मेद घातक ठरतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. मात्र यकृतात पोहोचणाऱ्या मेदाम्लांपैकी बहुतांश त्वचेखालच्या मेदातूनच येत असल्याने ते अपुरे आहे. मांड्या व नितंबांवरील मेद मेदाम्ले धरून ठेवतो, म्हणून तो तुलनेने निरुपद्रवी असतो. फ्रेंच वैद्य झां व्हाग यांनी १९४७ मध्येच शरीराच्या वरच्या भागातील स्थूलतेचा संबंध मधुमेहाशी जोडला होता. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांमध्ये मेदाचा कल पोटाकडे वळतो.

भारतीयांमध्ये हा प्रश्न अधिक तीव्र आहे. पुण्याचे चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली: दोघांचाही शरीरभार निर्देशांक (बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन) २२.३, पण मेदाचे प्रमाण युडकिन यांचे ९.१ टक्के आणि याज्ञिक यांचे २१.२ टक्के. सोलापूरलगतच्या पुणे जिल्ह्यातील खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची होती. तरीही पुण्याच्या बाळांच्या पाठीवरील त्वचेखालचा मेद त्या मानाने फारसा घटलेला नव्हता. म्हणजे ही ठेवण जन्मापासूनच दिसते.

सोलापूरसारख्या शहरात या माहितीला व्यावहारिक अर्थ आहे. मांडीवर सूप घेऊन दिवसभर विड्या वळणारी स्त्री हातपायांनी किडकिडीत दिसली, तरी तिचे काम पूर्णपणे बैठे असते, त्यामुळे नुसत्या वजनकाट्यावर भिस्त ठेवणे चूक आहे. शेंगाचटणीला एकटीला दोषी धरण्यातही अर्थ नाही, कारण पेशी फुगते ती एकूण उष्मांक जास्त झाल्याने. कमरेचा घेर हे स्वस्त आणि पुरेसे उपयोगी माप आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यानंतर, टेप त्वचेलगत ठेवून ते घ्यावे. साडीच्या निऱ्यांवरून किंवा विजारीच्या पट्ट्यावरून घेतलेले माप फसवे असते. दक्षिण आशियाई पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपासून पुढे धोका गृहीत धरतात.

उपचारांच्या अनुभवातूनही पेशीच्या आकाराचे महत्त्व दिसते. पायोग्लिटाझोन या औषधाने वजन काहीसे वाढते, तरी लहान, नव्या मेदपेशी तयार होऊन इन्सुलिनचा परिणाम सुधारतो. ज्यांच्या शरीरात मेदऊतक जन्मतःच जवळजवळ नसते, त्यांना उलट तीव्र मधुमेह होतो. स्थूल स्त्रियांच्या पोटावरील त्वचेखालचा सुमारे १० किलो मेद शोषून काढल्यानंतरही त्यांच्या इन्सुलिन-प्रतिसादात सुधारणा झाली नाही, असे २००४ च्या एका अभ्यासात आढळले. आहार आणि व्यायामाने वजन घटवल्यास मात्र उरलेल्या पेशी आकसतात, यकृतातील मेद उतरतो आणि ही सुधारणा होते.